मागील आस, वाहनाचा (नांदेड व लातूर भाग)

वाहनाचे ओझे पेलणारा व दोन बाजूंच्या चाकांना एका रेषेत धरून ठेवणारा आडवा दांडा म्हणजे आस होय. मोटारगाडीच्या मागील आसाकडे याखेरीज आणखी एक काम असते. एंजिनाची शक्ती चाकांपर्यंत नेऊन वळणावर ती दोन चाकांत योग्य रीतीने वाटून देणे, हे ते काम. ‘आस’ व बोलीतील ‘आख’ हे दोन्ही शब्द संस्कृत ‘अक्ष’ या शब्दापासून आले आहेत. नांदेड व लातूर या मराठवाड्यातील दोन जिल्ह्यांत बैलगाडी, अरुंद मापाची आगगाडी, निजामी राजवटीतील बस व आजची पिकअप ही वाहने सु. सव्वाशे वर्षांच्या अवधीत एकामागून एक व पुष्कळदा एकाच वेळी वापरात आली. या चारांचे आस वेगवेगळ्या तत्त्वांवर बनविलेले आहेत. त्यामुळे आसाचा व त्याच्या निगेचा इतिहास या एका भागात सलगपणे पाहता येतो.

बैलगाडीचा आस स्वतः फिरत नाही. तो गाडीच्या साट्याखाली पक्का असतो व त्याच्या दोन टोकांवर चाके मोकळी फिरतात. पूर्वी आस लाकडी असे, पुढे लोखंडी आस सर्वत्र रूढ झाला. चाकाचा तुंबा, आरे व पुठ्ठे बहुधा बाभळीच्या लाकडाचे असून त्यांवर तापवून चढविलेली लोखंडी धाव असे. दोन्ही चाके एकमेकांपासून स्वतंत्र असल्याने वळणावर बाहेरचे चाक जास्त व आतले कमी फिरले तरी अडचण येत नाही. याचे श्रेय कोणी कधी बैलगाडीला दिल्याचे दिसत नाही. परंतु पुढे मोटारगाडीच्या रचनाकारांना ज्या प्रश्नाने सतावले, तो बैलगाडीला कधी पडलाच नव्हता. मात्र आस व तुंबा यांमधील घर्षण मोठे असे. त्यासाठी एरंडेल तेलात जळका काथ्या, चिंध्या किंवा कोळशाची पूड कालवून केलेले वंगण गाडीखाली टांगलेल्या नळकांड्यात ठेवीत. लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी चाक काढून आसाला वंगण देणे हा गाडीवानाच्या दिनक्रमाचाच भाग होता. यंत्रशास्त्रावरील मराठी लेखनात आज सर्रास येणारा ‘वंगण’ हा शब्द असा गाडीच्या आसावरून उतरलेला आहे.

या भागातील काळी कसदार जमीन पावसाळ्यात फुगते व चिकट होते, तर उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. अरुंद धावेची चाके तिच्यात खोल रुततात व पुन्हा पुन्हा त्याच वाटेने गेल्याने चाकोऱ्या पडतात. एका भागातील गाड्यांना त्याच चाकोऱ्यांतून जावे लागत असल्याने दोन चाकांतील अंतर सर्वसाधारणपणे सारखेच ठेवावे लागे. म्हणजे आसाची लांबी सुताराच्या मर्जीवर नव्हती, ती वाटेने ठरविलेली होती. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला आणि लातूरच्या बाजारपेठेला गाड्या येत त्या अशाच वाटांनी.

लातूर हे त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानातील उस्मानाबाद जिल्ह्यात होते; स्वतंत्र लातूर जिल्हा १९८२ मध्ये झाला. येथे पहिली आगगाडी १९११ मध्ये आली, ती बार्शी लाइट रेल्वेची. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने आखलेला ७६२ मिमी. मापाचा हा मार्ग १८९७ मध्ये बार्शी रोड (आजचे कुर्डुवाडी) ते बार्शी असा सुरू झाला होता. या रेल्वेचा सारा विचार आसाभोवती फिरतो. हलक्या मार्गावरून जड माल न्यावयाचा तर एंजिन काय किंवा डबा काय, कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा अधिक भार येता कामा नये, हा कॅलथ्रॉपचा नियम होता. सर्व वाहनांचे आसभार असे समान ठेवल्यामुळे मीटरला सु. १५ किग्रॅ. वजनाचे हलके रूळ पुरेसे ठरले. किटसन कंपनीने या मार्गासाठी बनविलेल्या पहिल्या एंजिनांना आठ जोडचाके व मागे चार लहान चाके, म्हणजे एकूण सहा आस होते, त्यामुळे सु. ३० टनांचे एंजिनही मार्गावर कोठे पाच टनांहून अधिक दाब देत नसे. मालडब्यांना प्रत्येकी चार आस होते. ओझे कमी न करता ते अधिक आसांवर पसरणे, ही साधी कल्पना जगभरच्या अरुंद मापाच्या रेल्वेमार्गांच्या अभ्यासकांनी पुढे वाखाणली.

आगगाडीचा आस बैलगाडीच्या आसाच्या नेमका उलट आहे. तेथे चाके आसावर घट्ट दाबून बसविलेली असतात व आस चाकांसह फिरतो. वळण घेता यावे म्हणून चाकाच्या धावेला थोडा निमुळता उतार दिलेला असतो. वळणावर चाकांची जोडी बाजूला सरकली की बाहेरचे चाक मोठ्या व आतले लहान परिघावर चालते. बार्शी लाइट रेल्वे १९५४ मध्ये सरकारने ताब्यात घेतली व पुढे मध्य रेल्वेचा भाग म्हणून ती अरुंद मापातच चालत राहिली. तिचे रुंद मापात रूपांतर २००० नंतरच्या सु. दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने झाले. त्याचे मोल २०१६ च्या दुष्काळात कळले. लातूर शहराचे पाणी आटल्यावर त्या वर्षी एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याच्या गाड्या लातूरला येऊ लागल्या. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या व तिने सु. पाच लाख लिटर पाणी आणले. नंतर पन्नास टाक्यांच्या गाड्या धावल्या. भरलेल्या टाकीच्या प्रत्येक आसावर सु. २० टन भार असतो. कॅलथ्रॉपच्या पाच टनांच्या मार्गावर ही टाकी उभीही राहू शकली नसती.

नांदेडला आगगाडी याहून आधी, १९०० च्या सुमारास, हैदराबाद–मनमाड या मीटरमापी मार्गाने पोहोचली होती. परंतु स्टेशनापासून दूर असलेल्या कंधार, मुखेड, अहमदपूर यांसारख्या गावांचा प्रश्न आगगाडीने सुटला नाही. तो मोटारीने सोडविला. निजामाच्या रेल्वेने १९३२ च्या जूनमध्ये २७ गाड्या व १६६ नोकर यांसह आपले रस्ता वाहतूक खाते सुरू केले. सरकारी मालकीची प्रवासी बससेवा म्हणून देशातील अगदी आरंभीच्या सेवांत तिची गणना होते. मुंबई राज्यातील एस. टी. ची पहिली बस पुणे–अहमदनगर मार्गावर धावली ती १ जून १९४८ रोजी, म्हणजे सोळा वर्षांनंतर. एरवी मागासलेपणासाठी ओळखल्या जाणाऱ्या या संस्थानाने या एका बाबतीत शेजाऱ्यांच्या पुढे मजल मारली होती, हे मान्य करावे लागते. संस्थान भारतात विलीन झाल्यावर १९५१ मध्ये हे खाते हैदराबाद सरकारकडे आले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर मराठवाड्यातील सेवा वेगळी झाली व १९६१ मध्ये ती महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात विलीन झाली. मराठवाड्यातील बसगाड्यांच्या मोठ्या दुरुस्त्यांसाठी छत्रपती संभाजीनगरजवळील (पूर्वीचे औरंगाबाद) चिकलठाणा येथे महामंडळाची मध्यवर्ती कार्यशाळा आहे.

बसबरोबर या भागात तिसऱ्या प्रकारचा आस आला. त्याला फिरावयाचे तर होतेच. परंतु दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरण्याची मुभाही द्यावयाची होती. ही अडचण विभेदी दंतचक्राने सोडविली. फ्रेंच यंत्रज्ञ ओनेसिफोर पेकर यांनी १८२८ मध्ये वाफेच्या गाडीसाठी त्याचे एकस्व मिळविले व इंग्लंडमध्ये जेम्स स्टार्ली यांनी १८७७ मध्ये ते तीन चाकी सायकलीला बसविले. आरंभीच्या बहुतेक मोटारी साखळीने चालत. लुई रनो यांनी १८९८ मध्ये दांड्याने चाक फिरविण्याची रचना प्रचारात आणली आणि मागील आसाला आजचे रूप येऊ लागले. या रचनेत लांब दांड्याच्या टोकाशी असलेले लहान दंतचक्र, म्हणजे पिनियन, मोठ्या तिरप्या दंतचक्राला, म्हणजे क्राउनला, काटकोनात फिरविते. दुसऱ्या महायुद्धातील जीपमध्ये पिनियनला ८ व क्राउनला ३९ दाते असत, म्हणजे दांड्याच्या सु. ४·८८ फेऱ्यांत चाकाची एक फेरी होई. गती जितकी घटते त्याच प्रमाणात पीळ वाढतो. चढावर ओझे ओढले जाते ते यामुळे. १९२६ च्या सुमारास अमेरिकेतील ग्लीसन कंपनीच्या यंत्रांनी कापलेली हायपॉइड दंतचक्रे मोटारीत आली. यांत पिनियन क्राउनच्या मध्यरेषेच्या खाली बसतो. दाते एकमेकांवर लोळण्याबरोबरच घसरतातही, म्हणून आवाज कमी होतो व ताकद वाढते. पण साधे तेल त्या दाबाखाली टिकत नाही. गंधक व फॉस्फरस यांची संयुगे घातलेले विशेष तेल लागते. मागील आसाच्या निगेतील निम्म्याहून अधिक सूचना या एका गोष्टीतून निघतात.

महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, टाटांचे ट्रक १९५४ पासून जमशेदपूरला बनू लागले व पुण्याच्या बजाज टेंपोची तीन चाकी गाडी १९५८ मध्ये आली. तिच्या नावावरून ‘टेंपो’ हा शब्द मराठीत कोणत्याही लहान मालमोटारीला लागला. १९८६ मधील टाटा ४०७, नंतरच्या जीपवजा पिकअप गाड्या व २००५ मधील टाटा एस, म्हणजे लोकांच्या तोंडचा ‘छोटा हत्ती’, यांनी बैलगाडीचे बाजारात जाण्याचे काम जवळजवळ संपविले. लातूरच्या बाजार समितीत येणारी तूर व सोयाबीन, अर्धापूर भागातील केळी, नांदेडच्या बाजारातील हळद व कापूस हा माल शेतापासून आज बहुधा पिकअपनेच निघतो. एक ते पावणेदोन टन वाहून नेण्यासाठी बनविलेल्या या गाड्यांचा मागील आस एकसंध कवचाचा असून तो पोलादी पाट्यांच्या जुडग्यांवर यू-बोल्टांनी आवळलेला असतो. एमएच २४ (लातूर) व एमएच २६ (नांदेड) या क्रमांकांच्या पुष्कळशा पिकअप कर्जाने घेतलेल्या असतात व त्यांचा मालक हाच चालक असतो. आस मोडला की केवळ एक भाग मोडत नाही. गाडी उभी राहते, माल सडतो आणि हप्ता मात्र थांबत नाही.

गाडी नवी असल्याने आस उघडून पाहण्याची गरज नाही, अशी समजूत सर्रास आढळते. ती चुकीची आहे. नव्या दंतचक्रांचे पृष्ठभाग पहिल्या हजार-दोन हजार किलोमीटरांत एकमेकांवर घासून बसतात व त्यातून निघालेली पोलादाची सूक्ष्म पूड तेलात मिसळते. म्हणून निर्मात्याच्या पुस्तिकेत पहिल्या सेवेच्या वेळी तेल तपासण्यास अथवा बदलण्यास सांगितलेले असल्यास ती टाळू नये. तेल काढावयाचे ते गाडी थोडी चालवून गरम असताना. म्हणजे पूड तेलाबरोबर बाहेर येते. काढण्याच्या बुचाला लोहचुंबक असेल तर त्यावर राखी रंगाचा मऊ लेप दिसेल, ते स्वाभाविक आहे. पण बोटाला टोचतील असे कण किंवा दात्याचा कपचा आढळल्यास गाडी पुढे चालवू नये. पातळी पाहताना गाडी सपाट जागेवर उभी करून तेल खाली बसू द्यावे. भरण्याच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत तेल असणे हे बहुतेक आसांचे माप आहे. अधिक तेल म्हणजे अधिक सुरक्षितता नव्हे. जादा तेल घुसळले जाऊन तापते, फेसाळते व बाजूंनी वाट शोधते. आसाचे तेल गिअरपेटीत किंवा गिअरपेटीचे आसात घालण्याची सवयही घातक आहे. हायपॉइड दंतचक्रांसाठी असलेल्या जीएल-५ वर्गाच्या तेलातील काही घटक गिअरपेटीतील पितळी कड्यांना बाधक ठरू शकतात.

आसाच्या कवचावर वरच्या बाजूस एक लहानशी श्वासनलिका असते. गॅरेजमध्ये तिला ब्रीदर म्हणतात. साऱ्या आसात हा भाग सर्वांत स्वस्त आहे आणि काळ्या मातीच्या प्रदेशात सर्वांत अधिक त्रास देणारा आहे. चालत्या आसातील हवा तापून फुगते. नलिकेतून ती बाहेर पडली नाही तर आतील दाब वाढून तेल टोकांच्या ऑइल सीलमधून बाहेर ढकलले जाते. तेथून ते थेट ब्रेकच्या अस्तरावर पोहोचते. एका चाकाचा ब्रेक तेलाने निकामी झालेली भरली गाडी बालाघाटच्या उतारावर एका बाजूला ओढली जाते व अपघात घडतो. चाकाच्या आतल्या बाजूस दिसणारा तेलाचा ओघळ म्हणूनच ‘थोडी गळती’ म्हणून सोडून देण्यासारखा नसतो. सील बदलण्यापूर्वी नलिका साफ आहे की नाही हे पाहावे. नाही तर नवे सीलही महिन्याभरात गळू लागते. याच्या उलट प्रकार नाल्यांवर घडतो. गोदावरी व मांजरा यांच्या खोऱ्यांत पावसाळ्यात पाण्याखाली जाणारे कमी उंचीचे पूल अद्याप पुष्कळ आहेत. तापलेला आस एकदम थंड पाण्यात बुडाला की आतील हवा आकसते व सीलमधून पाणी आत खेचले जाते. तेल दुधासारखे दिसू लागले तर ते लगेच बदलावे; पाणीमिश्रित तेलात धारवे, म्हणजे बेअरिंगे, थोड्याच दिवसांत गंजतात.

नव्या गाडीच्या पाट्यांची जुडगी पहिल्या काही खेपांत दबून बसतात आणि यू-बोल्ट सैल पडतात. ते पुस्तिकेतील मापाने पुन्हा आवळावे लागतात. सैल राहिल्यास पाट्यांच्या मधोमध असलेल्या खिळीवर सारा जोर येतो. ती तुटली की आस जागचा सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरपी चालू लागते. चाकांच्या नटांचेही तसेच आहे. चाक उचलून हाताने फिरवून व वर-खाली हलवून पाहिले असता खडखड जाणवली तर धारव्यात ढिलाई आहे असे समजावे. आवाजावरूनही बरेच कळते. गती देताना येणारी घूं-घूं व गती सोडल्यावर येणारी घूं-घूं यांची कारणे निराळी असतात आणि अनुभवी कारागीर त्यावरून पिनियन आत बसला आहे की बाहेर, याचा अंदाज करतो. पक्के निदान मात्र दात्यांवरील ठशानेच होते. क्राउनच्या काही दात्यांना तेलात कालवलेला शेंदूर लावून चक्र हाताने फिरवितात. शेंदूर जेथून पुसला जाईल तेथे दाते टेकतात. ठसा दात्याच्या मध्याजवळ असावा, कडेला गेल्यास पिनियनमागील चकत्या बदलून तो मध्ये आणावा लागतो. दोन दात्यांतील मोकळीक बहुधा मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांइतकी असते व ती मापक घड्याळाने मोजतात. नव्या गाडीवर हे काम अधिकृत सेवा केंद्राबाहेर करू नये, कारण हमी रद्द होऊ शकते.

चिखलात रुतलेल्या पिकअपचे वर्तन पुष्कळांना कोड्यात टाकते. एक चाक गरगर फिरते आणि दुसरे, कोरड्या जमिनीवर असूनही, स्तब्ध राहते. साधे विभेदी दंतचक्र दोन्ही बाजूंना सारखाच पीळ देते. चिखलातील चाकाला जेवढा पीळ पेलवतो, तेवढाच कोरड्यावरील चाकाला मिळतो. त्यातच फिरणाऱ्या चाकाची गती क्राउनच्या दुप्पट होते. चालक रागाने एंजिन वाढवितो तसतशी आतील लहान चक्रे आपल्या खिळीवर अतिवेगाने फिरतात. तेथील तेल जळून खिळ घट्ट धरते. अशा वेळी चाकाखाली दगड, गोणपाट किंवा पऱ्हाटीच्या काड्या घालून हळूहळू गाडी काढणे हा शेतकऱ्यांचा जुना उपाय यंत्रशास्त्राच्या दृष्टीनेही योग्य आहे. काही गाड्यांतील आसात चाकांच्या गतीतील फरकाला आळा घालणारी किंवा दोन्ही चाकांना एकत्र बांधणारी रचना असते; तिला पुस्तिकेत सांगितलेलेच तेल लागते.

उत्तम निगा ठेवलेला आसही अतिभारापुढे टिकत नाही. ओझ्याने कवच किंचित जरी वाकले, तरी आतील दांडे रेषेत राहत नाहीत, सील एका बाजूने झिजतात व टायरची आतली कड खाल्ली जाते. वरून गाडी धडधाकट दिसते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात प्रत्येक आसावरील भाराची मर्यादा ठरविण्याची तरतूद आहे. चार टायरांच्या एका आसाची मर्यादा १०·२ टन होती, ती २०१८ मध्ये ११·५ टन करण्यात आली. २०१९ च्या दुरुस्तीने अतिभाराचा दंड २०,००० रुपये व त्यावर प्रत्येक जादा टनास २,००० रुपये असा झाला. मर्यादा वाढल्याने रस्त्यांवरील जुन्या गाड्यांचे आस मात्र मजबूत झाले नाहीत, ही गोष्ट वाहतूकदारांच्या चर्चेत अनेकदा निसटते. रस्त्याचेही तसेच आहे. आसभार दुप्पट झाला की रस्त्याची झीज सु. सोळापट होते, असे अमेरिकेत १९६० च्या आसपास झालेल्या चाचण्यांवरून मानले जाते. आणि काळ्या मातीच्या पायावरील रस्ता मुळातच कमकुवत असतो.

मोडीत निघालेल्या मोटारींचे भाग येथे वाया जात नाहीत. त्यांची चाके, धारवे व टायर घेऊन तयार केलेल्या बैलगाड्या साखर कारखान्यांकडे ऊस वाहताना दिसतात. टायर रुंद असल्याने त्या काळ्या मातीत लोखंडी धावेइतक्या रुतत नाहीत व गोळीच्या किंवा निमुळत्या रुळांच्या धारव्यांमुळे बैलांवरील ओढ बरीच घटते. या गाड्यांचा आस पुन्हा स्थिर आहे आणि चाके एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. एरंडेलाच्या नळकांड्याची जागा मात्र ग्रीसच्या डब्याने घेतली आहे, आणि चाक काढून धारवे धुण्याचे व नवे ग्रीस भरण्याचे काम गळिताचा हंगाम सुरू होण्यापूर्वी करतात.